पदावर छापलेली ‘चाल’ आणि चित्रपटसंगीतातील निनावी उसनवारी

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके चाळताना प्रत्येक पदाच्या डोक्यावरची बारीक टाइपातली ओळ मी आवर्जून वाचतो. तिथे राग आणि ताल असतोच, पण त्यांच्याबरोबर ‘चाल’ या शब्दापुढे एखाद्या जुन्या चिजेचे, लावणीचे, कानडी पदाचे किंवा दुसऱ्याच नाटकातील पदाचे पहिले तीन-चार शब्द दिलेले असतात. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर कित्येक दशके हा रिवाज टिकला. चाल कुठून घेतली हे गायकाला, वाचकाला आणि पुढच्या नाटककाराला ठाऊक असे, आणि ती घेतल्याबद्दल कोणाला खाली मान घालावी लागत नसे. पुढे बोलपट आले, श्रेयनामावली आली, पण पुस्तकातली ती एक ओळ पडद्यावर काही आली नाही. हा धागा मी त्या ओळीसाठी काढत आहे.

पार्श्वसंगीताचे संपादन हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उसनवारी नेमकी कुठे सुरू होते हे मी जवळून पाहिले आहे. संकलनाच्या वेळी दृश्य मुके वाटते म्हणून संकलक किंवा दिग्दर्शक एखाद्या गाजलेल्या चित्रपटातील संगीताचा तुकडा त्याखाली तात्पुरता लावतात. आपल्याकडे त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात, हॉलिवुडमध्ये ‘टेम्प ट्रॅक’. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. दृश्याची लय कळावी आणि दिग्दर्शकाच्या मनातला भाव संगीतकारापर्यंत पोहोचावा, एवढीच अपेक्षा असते. परंतु तोच तुकडा पाच-सहा आठवडे रोज ऐकला की दृश्याचे काप त्याच्याच मात्रांवर पडू लागतात, दिग्दर्शकाच्या कानाला दुसरे काही रुचेनासे होते, आणि संगीतकाराच्या हाती दृश्य येते तेव्हा त्यात नव्या संगीताला जागाच उरलेली नसते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे काम करताना आम्हाला निर्मितीकडून स्पष्ट सांगण्यात आले, की रेफरन्ससारखेच हवे, फक्त दोन-चार सूर इकडचे तिकडे करा. आम्ही ते केले. त्या कामाचे पैसे मी घेतले, आणि ती गोष्ट मला आजही बोचते.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहिले आणि त्याचे ध्वनिमुद्रणही झाले, पण स्टॅन्ली कुब्रिक यांनी संकलनाच्या काळात लावलेले रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस आणि लिगेटी यांचे संगीतच अखेर कायम ठेवले. आपले संगीत वगळले आहे हे नॉर्थ यांना चित्रपट पाहताना कळले. त्यांच्यावर अन्याय झाला याबद्दल मला शंका नाही. तरीही तिथे श्रोत्याची फसवणूक झाली नाही, कारण ज्यांचे संगीत वापरले त्यांची नावे पडद्यावर होती. ‘द राइट स्टफ’ (१९८३) या चित्रपटाला बिल कॉन्टी यांनी दिलेले संगीत चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या इतके जवळ जाते, की ती रचना ठाऊक असलेल्या माणसाला काही क्षण तीच वाजते आहे असे वाटावे. त्या संगीताला ऑस्करही मिळाले. चायकोव्हस्की १८९३ साली वारल्यामुळे तिथे कायद्याचा प्रश्न आला नाही. पण एखादी रचना कायद्याने मोकळी झाली म्हणजे तिच्या कर्त्याचे नाव सांगण्याची जबाबदारीही संपते का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न ‘३००’ (२००७) या चित्रपटावरून पडतो. टायलर बेट्स यांच्या त्या संगीतातील काही तुकडे एलियट गोल्डेन्थाल यांनी ‘टायटस’ (१९९९) या चित्रपटासाठी केलेल्या संगीतासारखे असल्याचे प्रथम जाणकार श्रोत्यांच्या कानांनी ओळखले. दोन्ही तुकडे लागोपाठ ऐकल्यास समूहगायनाची चढण आणि तालवाद्यांची मांडणी यांत योगायोगाला फारसा वाव दिसत नाही. त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने जाहीर निवेदन काढून मान्य केले, की चित्रपटातील अनेक तुकडे गोल्डेन्थाल यांच्या ‘टायटस’च्या संगीतावरून घेतलेले आहेत, ते आपल्याला न कळवता घडले, आणि प्रकरण सामोपचाराने मिटले आहे. स्टुडिओने असे उघडपणे लिहून देणे विरळाच. आता सदस्यांना माझे विचारणे असे, की उसने घेणे कुठवर चालते आणि चोरी कुठून सुरू होते, हे ठरवण्याची एखादी खात्रीची कसोटी कायद्याजवळ आहे का?

कोमलधैवत

मी वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या कामांत संगीताची कामे बरीच असतात. सर्वप्रथम एक समज दूर करणे आवश्यक आहे. ‘सातपेक्षा कमी सूर घेतले तर चालते’, ‘पाच सेकंदांपर्यंत मोकळीक असते’, ‘आठ बार बदलले की नवी रचना होते’ अशी वाक्ये मी स्टुडिओत इतक्या वेळा ऐकली आहेत, की ती लिहिलेली एखादी तरतूद कुठेतरी असावी असे लोक धरून चालतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा कोणताही आकडा नाही. घेतलेला भाग मूळ रचनेच्या दृष्टीने भरीव आहे का, हे पाहिले जाते, आणि तो भरीवपणा लांबीपेक्षा महत्त्वावरून ठरतो. एखाद्या रचनेचा प्राणच चार सूरांत असेल तर ते चार सूर पुरेसे आहेत.

याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातलेच आहे. राम संपत यांनी जाहिरातीसाठी बांधलेला काही सेकंदांचा तुकडा २००८ साली ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या गाण्यांत वापरल्याचा दावा त्यांनी राजेश रोशन आणि निर्मात्यांविरुद्ध केला. प्रदर्शनाला थोडेच दिवस उरले असताना न्यायालयाने ती गाणी ठेवून चित्रपट प्रदर्शित करण्यास अंतरिम मनाई केली, आणि त्यानंतर निर्मात्यांनी तडजोड केली. ती रक्कम दोन कोटी रुपये असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून छापून आले होते. तुकडा लहान असला तरी गाण्यात तो पुन्हा पुन्हा येतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात तोच राहतो, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला.

या सर्व निकालांच्या मुळाशी १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स’ हा निर्णय आहे. तो एका नाटकाविषयी आणि त्यावरून काढला असे म्हटलेल्या चित्रपटाविषयी होता; त्यात नाटककार हरले, परंतु जाताना न्यायालयाने जी कसोटी दिली ती आजही वापरली जाते. कल्पना, विषय आणि सूत्र यांवर कोणाची मालकी नसते, तर ती ज्या विशिष्ट रूपात मांडली त्या रूपावर असते, आणि दोन्ही कृती पाहिल्यावर सामान्य माणसाला दुसरी पहिलीची नक्कल असल्याचा निःसंशय ठसा उमटतो का, हे पाहायचे. संगीतात याचा अर्थ असा, की राग, ठेका, वाद्यांचा प्रकार, ‘युद्धाच्या दृश्याला ढोल आणि पितळी वाद्ये’ ही योजना, हे सगळ्यांचे आहे. त्यातून उभी राहिलेली विशिष्ट स्वरांची बांधणी मात्र एकाची असते.

मंद्रसप्तक यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यापुरते देतो. आपल्याकडे संगीतरचनेचे संरक्षण रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे असते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपत असताना ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. मुदत संपली की परवानगीची आणि मोबदल्याची गरज उरत नाही.  नाव देणे मग बहुतांशी तुमच्या सदसद्विवेकावर राहते.

पाचमात्रा

मी बर्मिंगहॅमला राहते आणि इथल्या एका हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवते. इंग्रज संगीतकार हॉल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधील ‘मार्स’ आम्ही दोनदा सादर केले आहे. सुरुवातीला आम्हाला गजाची लाकडी बाजू तारांवर आपटून पाच मात्रांचा तो ठोका धरायचा असतो, आणि मग पितळी वाद्यांच्या एकमेकांवर आदळणाऱ्या स्वरसंगती त्याच्यावर चढत जातात. ‘ग्लॅडिएटर’ (२०००) पहिल्यांदा पाहिला तेव्हा लढाईच्या दृश्यात माझा उजवा हात आपोआप तो ठोका शोधू लागला, आणि तिथे तो पाचाचा नसून तीन मात्रांच्या घरातला आहे हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. चित्रपटाचे संगीतकार हान्स झिमर यांनी हॉल्स्टचा प्रभाव लपवलेला नव्हता. तरीही २००६ साली हॉल्स्ट फाउंडेशनने त्यांच्याविरुद्ध दावा केला.

या प्रकरणातली मला सर्वात बोलकी वाटलेली गोष्ट तारखांची आहे. हॉल्स्ट १९३४ साली वारले. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर सत्तर वर्षे संरक्षण असल्यामुळे इथे त्यांचे हक्क २००४ च्या अखेरीस संपले, म्हणजे चित्रपट आला तेव्हा ते शाबूत होते. अमेरिकेत मात्र १९२३ पूर्वी प्रकाशित झालेले संगीत मोकळे असल्यामुळे, जिथे हॉलिवुड आहे त्याच देशात ‘मार्स’वर कोणाचाच हक्क उरला नव्हता. एकच स्वरलिपी अटलांटिकच्या एका काठावर मालकीची आणि दुसऱ्या काठावर मोकळी, आणि चित्रपट मात्र दोन्हीकडे एकाच सुमारास लागणारा. त्या दाव्यातून पुढच्यांना मार्गदर्शक ठरेल असा निकाल हाती आला नाही, आणि मला स्वतःला विचाराल तर मी तो चोरी मानत नाही. ठोका बदलला, सूर बदलले, उरली ती भाषा. पण ती भाषा कोणी घडवली हे संगीतकाराने सांगितले म्हणूनच मी असे म्हणू शकते.

आडाचौताल

मी काही वर्षे ध्रुपद शिकतो आहे. कोमलधैवत यांनी राग सगळ्यांचा आणि बांधणी एकाची असे लिहिले, ते पाश्चात्त्य स्वरलिपीच्या जगात जितके सरळ वाटते तितके आपल्याकडे नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयातील अलीकडच्या प्रकरणावरून दिसते. ‘पोन्नियिन सेल्वन २’ (२०२३) मधील ‘वीरा राजा वीरा’ हे ए. आर. रहमान यांचे गाणे ‘शिवस्तुती’ या अडाणा रागातील रचनेवरून घेतले आहे, आणि ती रचना आपले वडील उस्ताद फैयाजुद्दीन डागर व काका उस्ताद झहिरुद्दीन डागर यांची आहे, असा दावा उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी केला. २५ एप्रिल २०२५ रोजी एकसदस्य पीठाने अंतरिम आदेशात सामान्य श्रोत्याच्या कानाची कसोटी लावून, शब्द बदलले आणि काही वाद्ये वाढवली तरी गाण्याचा गाभा तोच आहे असे म्हटले, श्रेयात दोन्ही दिवंगत बंधूंची नावे घालायला सांगितले आणि दोन कोटी रुपये न्यायालयात भरण्याचा आदेश दिला. २४ सप्टेंबर २०२५ रोजी द्विसदस्य खंडपीठाने तो आदेश रद्द केला. एखाद्याने रचना गायली, तिच्या ध्वनिमुद्रणावर त्याचे नाव आहे, एवढ्यावरून ती त्याने रचली असे प्रथमदर्शनी धरता येत नाही, असे खंडपीठाचे म्हणणे होते.

दोन्ही आदेश मी लक्षपूर्वक वाचले. कायद्याच्या दृष्टीने खंडपीठाचा मुद्दा मला नाकारता येत नाही. तरीही घराण्यात वाढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे अस्वस्थ वाटते, कारण आमच्याकडे रचनेची वही क्वचितच असते. गुरूने शिकवले, शिष्याच्या गळ्यात उतरले, शिष्याने ते वाढवले. त्यातले किती गुरूचे, किती शिष्याचे आणि किती त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे, हे कोणत्या कागदावर दाखवायचे? धागाकर्त्यांनी ज्या ओळीचा विषय काढला ती ओळ या चित्रपटात होती, हेही इथे नोंदवले पाहिजे. ‘डागरवाणी परंपरेतील ध्रुपदावर आधारित’ असा उल्लेख श्रेयात होता. म्हणजे भांडण ऋण मान्य करण्याचे नव्हते. ऋण परंपरेचे म्हणून मानायचे की दोन माणसांचे म्हणून, याचे होते. माझ्या मते परंपरा हा शब्द इथे आदराने वापरला गेला, पण त्याने दोन माणसे झाकलीही गेली.

कोमलधैवत

आडाचौताल यांच्याशी मी एका बाबतीत असहमत आहे. पुरावा नसतानाही कर्तृत्व मान्य करायचे ठरवले, तर उद्या ज्याच्याकडे सर्वात जुने ध्वनिमुद्रण आहे तो माणूस परंपरेतील कोणत्याही चिजेवर हक्क सांगू शकेल, आणि त्याचा पहिला फटका तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनाच बसेल. मात्र कायद्याने या क्षेत्राकडे दीर्घकाळ चुकीच्या चष्म्यातून पाहिले, हे मान्य करतो. मूळ १९५७ च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे ‘संगीतकृती’ म्हणजे छापलेले, लिहून काढलेले किंवा अन्य प्रकारे कागदावर उतरवलेले संगीत, एवढाच अर्थ होता. पेटीवर बांधलेली आणि मनात ठेवलेली चाल त्या व्याख्येत बसतच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची ही अट काढून टाकली. मधली सदतीस वर्षे मौखिक परंपरेच्या देशात लिहिलेल्या संगीतापुरताच कायदा होता.

झुआरीकाठ

कोमलधैवत यांनी व्याख्येविषयी लिहिले ते वाचून आमच्या गोव्याच्या वादकांची आठवण झाली, आणि हा मुद्दा इथे मांडणे मला कर्तव्य वाटते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पेटीवर चाल बांधणारा संगीतकार आणि तिचे वाद्यवृंदासाठी नोटेशन लिहिणारा संयोजक हे बहुधा दोन वेगळे लोक असत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही मंडळी गोव्यातून आलेली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला-लिहायला शिकवत, आणि त्या शिक्षणावर मुंबईतील वाद्यवृंद उभा राहिला. संगीतकार चाल गुणगुणत आणि हे लोक ती कागदावर उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांचे वेगवेगळे कागद तयार करत. इंटरल्यूडमधील, म्हणजे दोन कडव्यांमधल्या वाद्यसंगीतातील, प्रतिसूर पुष्कळदा त्यांचेच असत.

म्हणजे ज्या काळात कायदा केवळ लिहिलेल्या संगीताला ओळखत होता, त्या काळात लिहिणारा हात गोव्याच्या संयोजकाचा होता, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव फार तर ‘सहायक’ म्हणून येई, कित्येकदा येतही नसे. कायद्याने त्यांना काही दिले नाही, कारण ते मोबदल्यावर काम करत आणि हक्क निर्मात्याकडे जात. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील तुकडे हिंदी चित्रपटांत उचलले गेले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले काही या वादकांच्या बोटांतून सहज आले असणार, कारण ते संगीत त्यांचे लहानपणापासूनचे होते. त्याला नक्कल म्हणताना मी थोडा थांबतो.

मंद्रसप्तक

झुआरीकाठ, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. संयोजकाच्या लेखणीचा हा मुद्दा मला सुचला नव्हता.

हक्क निर्मात्याकडे जातात यावरून आणखी एक गोष्ट आठवली. नीनो रोता यांच्या ‘द गॉडफादर’च्या (१९७२) संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, पण त्यातील प्रेमाच्या प्रसंगाची धून त्यांनी स्वतःच १९५८ सालच्या ‘फॉर्तुनेल्ला’ या इटालियन चित्रपटासाठी वेगळ्या, उडत्या चालीत वापरलेली असल्याचे समोर आल्यावर ते नामांकन काढून घेण्यात आले. दोन वर्षांनी दुसऱ्या भागाला, त्याच धुनेसह, त्यांना आणि कार्माइन कोपोला यांना ऑस्कर मिळाले. रोता यांनी इतर कोणाचे काही घेतले नव्हते. विनोदी चित्रपटात हलकीफुलकी वाटणारी तीच स्वरओळ सावकाश वाजवल्यावर केवढी दुःखी होते, हे त्यांना त्या धुनेचा बाप असल्यामुळे ठाऊक होते. पण रचनाकाराने आपलीच जुनी चाल पुन्हा वापरली आणि तिचे हक्क पहिल्या निर्मात्याकडे असले तर तो स्वतःच्याच रचनेचा चोर ठरू शकतो का?

कोमलधैवत

ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निर्णयानुसार निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापरावर मानधनाचा समान वाटा मिळण्याचा असा हक्क दिला, जो त्यांना निर्मात्याला लिहून देता येत नाही. पण मालकी पुष्कळदा निर्मात्याकडेच राहते. मालकी गेली तरी ‘ही रचना माझी आहे’ असे म्हणवून घेण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे रचनाकाराकडे राहतो. धागाकर्त्यांची हरवलेली ओळ कायद्यात शोधायची असेल तर ती या कलमात आहे.

कोरीरीळ

मी पहिलाच लघुपट करते आहे आणि माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. चित्रपटाची मुख्य धून आमच्या गावातील एका वृद्ध बाईंनी गायलेल्या जात्यावरच्या ओवीवर बांधावी असे मी आणि संगीतकाराने ठरवले आहे. ओवी मी त्यांच्या ओसरीवर फोनमध्ये ध्वनिमुद्रित केली. एका प्रसंगात रेडिओवर बालगंधर्वांच्या आवाजातले ‘नाथ हा माझा’ ऐकू यायला हवे. शिवाय हा धागा वाचेपर्यंत एका दृश्याखाली एका परदेशी चित्रपटाचा रेफरन्स लावलेला होता. मी काय करावे?

कोमलधैवत

ओवीची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची असल्यामुळे तिच्यावर कोणाची मालकी नाही. परंतु बाईंनी गायलेल्या त्या सादरीकरणावर त्यांचा, गाणाऱ्या म्हणून, वेगळा हक्क आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. त्यांची लेखी संमती घ्या, ती वाचून दाखवा, आणि काही मोबदला ठरवा. ओवीत त्यांनी स्वतःचे शब्द घातले असतील तर ते शब्द त्यांचे आहेत.

‘नाथ हा माझा’ ज्यात आहे ते ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चे. त्याचे संगीत भास्करबुवा बखले यांचे, आणि ते १९२२ साली वारले. पद लिहिणारे खाडिलकर १९४८ साली वारले, म्हणजे साठ वर्षे २००८ च्या अखेरीस पूर्ण झाली. शब्द आणि चाल दोन्ही मोकळी आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र रचनेहून निराळा असतो, हे पुष्कळ जण विसरतात. अमेरिकेत एका न्यायालयाने २००५ साली, चित्रपटातल्या गाण्यात आलेल्या दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यासाठीसुद्धा परवाना हवाच असे ठरवले, कारण तो तुकडा मूळ ध्वनिमुद्रणातून थेट कापून घेतलेला होता. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे आहे, त्यामुळे बालगंधर्वांची जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी इथे अडचणीची नाही. लघुपट अमेरिकेतील महोत्सवांना पाठवणार असाल तर सावध राहा, कारण १९२३ ते १९४६ या काळात प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना तिथे शंभर वर्षांचे संरक्षण आहे. हॉल्स्टच्या बाबतीत जे घडले तेच इथे उलट दिशेने घडते.

मंद्रसप्तक

रेफरन्सविषयी मी सांगतो. तो काढून टाका, आणि संगीतकाराला दृश्य मुकेच पाठवा. सोबत एक कागद द्या आणि त्यात पात्राला त्या क्षणी काय कळले आहे, काय कळलेले नाही, दार उघडल्यावर किती सेकंदांनी ती बोलते, हे शब्दांत लिहा. सुरुवातीला दोघांनाही अवघड जाईल. रेफरन्स ऐकवायचाच असेल तर दृश्याला न लावता वेगळा ऐकवा आणि त्यातले नेमके काय आवडले ते सांगा. बासरीचा कोरडा आवाज आवडला असेल तर तेवढाच निरोप जाऊ द्या. तुमच्या दृश्याचे काप त्या संगीतावर आधीच पडलेले असतील तर आवाज बंद करून एकदा पुन्हा संकलन करा. मी हे आता प्रत्येक कामात करतो, आणि नको म्हणणारी कामे सोडतो.

कोरीरीळ

सर्वांचे मनापासून आभार. रेफरन्स काढला आहे. दृश्य अठरा सेकंदांनी लांबले, आणि ते तसेच ठेवणार आहे. रेडिओचा प्रसंग ठेवला आहे, पण परदेशी पाठवण्याच्या प्रतीत आमच्या गावातील एक मुलगी ते पद पेटीवर गाईल आणि त्याचे ध्वनिमुद्रण आम्ही करू.

काल संमतीचा कागद घेऊन त्या बाईंकडे गेले होते. कागद वाचून दाखवला, पैशांचे बोलणे झाले, आणि श्रेयनामावलीची पट्टी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली: ‘चाल : जात्यावरची ओवी’, खाली त्यांचे नाव आणि गावाचे नाव. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, की माझ्या नावाच्या आधी माझ्या सासूचे नाव घाल, ही ओवी तिच्या तोंडची आहे, मी लग्न होऊन आले तेव्हा जात्यापाशी तिने मला दिली. आणि तिच्या नावापुढे तिच्या माहेरच्या गावाचे नाव लिही, कारण ती ओवी तिने तिकडून आणली होती. पट्टीत आता दोन नावे आणि दोन गावे आहेत.